आधी नांगर, मग खबर

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पंपांची ओतीव कवचे तयार करणाऱ्या एका लहान फौंड्रीत नोकरीला असलेला शेजारचा तरुण अभियंता संध्याकाळी घरी आला. हातातील भ्रमणध्वनी पुढे करून म्हणाला, "काका, तुम्ही एवढं लिहिता, जरा हे बघा ना. दोन वर्षं झाली लिंक्डइनवर लिहितोय. आपलेच चार मित्र 'अभिनंदन' म्हणतात, पुढं काहीच नाही."

मी वाचले. मजकूर इंग्रजीत होता. एका दिवसाच्या प्रशिक्षणवर्गाचे प्रमाणपत्र मिळाल्याचे जाहीर करताना आपल्याला किती हर्ष होत आहे, आपण किती नम्र झालो आहोत, या 'प्रवासात' साथ देणाऱ्या सर्वांचे आपण किती ऋणी आहोत, हे त्याने तीन परिच्छेदांत सांगितले होते. खाली अग्निबाणांची आणि टाळ्यांची चित्रे, त्याखाली हॅशटॅगची रांग. प्रशिक्षण नेमके कशाचे होते, हे कळण्यासाठी मला तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटापर्यंत जावे लागले. मी म्हटले, "हे राहू दे. आज कारखान्यात काय झालं ते सांग."

त्यावर तो सलग पाऊण तास बोलला. पावसाळा सुरू झाला की ओतीव मालात वायूच्या पोकळ्या पडण्याचे प्रमाण कसे वाढते. साच्याच्या पोटात ठेवायचे वाळूचे गाभे, ज्यांना कारखान्यात सरसकट 'कोअर' म्हणतात, ते आदल्या दिवशी करून ठेवले तर दमट हवेत ओल कशी धरतात. वितळलेले लोखंड त्यांना भिडले की त्या ओलीची वाफ होऊन ती धातूतच कशी अडकते, हे सारे त्याने रद्दी कागदावर आकृती काढून समजावले. गाभे त्याच पाळीत वापरायचे आणि वापरण्यापूर्वी पुन्हा शेकून घ्यायचे, हा नियम त्याने कारखान्यातील जुन्या मिस्त्रींच्या मदतीने लावून घेतला होता. बाद मालाचे दर आठवड्याचे आकडे त्याच्या खिशातील वहीत होते. लिंक्डइनवर मात्र यातील एक ओळही नव्हती. "यात काय सांगण्यासारखं आहे, काका? हे तर रोजचंच काम!"

त्याच्या या उत्तरानेच हा लेख लिहावयास प्रवृत्त केले.

ज्या वाचकांचा या माध्यमाशी परिचय नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. लिंक्डइन हे 2003 साली अमेरिकेत सुरू झालेले व्यावसायिकांचे संपर्कजाल. 2016 साली मायक्रोसॉफ्टने ते 26 अब्ज डॉलरहून अधिक किंमत देऊन घेण्याचे ठरविले. भारतातील सदस्यांची संख्या 2023 साली दहा कोटींच्या पुढे गेली. नातेवाइकांचे वाढदिवस आणि सहलींची छायाचित्रे यांसाठी इतर माध्यमे आहेत. येथे माणूस आपले शिक्षण, अनुभव आणि काम घेऊन उभा राहतो. नोकरी देणारे, माल घेणारे, भागीदार शोधणारे सारे येथे फिरत असतात. पूर्वी बाजारपेठेत दुकानाच्या पाटीला जे महत्त्व होते, ते आज या पानाला आले आहे. वालचंद महाविद्यालयातून, कराडच्या शासकीय अभियांत्रिकीतून किंवा इस्लामपूरहून बाहेर पडणाऱ्या मुलाची चौकशी करणारा अधिकारी त्याचे पत्र हाती पडण्यापूर्वीच त्याचे हे पान पाहून ठेवतो. तेव्हा "आम्हाला हे नको" असे म्हणून चालण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत.

तरीही आपल्या घरांतून या लेखनाविषयी एक अढी आहे, आणि ती पूर्णतः अनाठायी नाही. आपले काम आपल्याच तोंडाने सांगणे आपल्याला शिकविलेले नाही. ज्या साताऱ्याच्या मातीत सज्जनगड उभा आहे, तेथे हे सांगावयास नकोच. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणे सांगताना आत्मस्तुती करणाऱ्यास फार वरचे स्थान दिले आहे. प्रसिद्धिपराङ्मुखतेचा संस्कार घेऊन वाढलेल्या कार्यकर्त्याला तर स्वतःचे छायाचित्र लावून स्वतःविषयी लिहिणे म्हणजे अंगावर काटाच. पण त्याच समर्थांनी एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षर कसे असावे, ओळींत अंतर किती असावे, कागदाच्या कडेला जागा किती सोडावी, इतक्या बारकाव्यात ते शिरतात. वाचणाऱ्याला त्रास होऊ नये, त्याला वाचावेसे वाटावे, ही काळजी त्यामागे आहे. स्वतःविषयी लिहिणे आणि कामाविषयी लिहिणे यांतील अंतर ज्याला उमगले, त्याची अढी निम्मी सुटते. उरलेली निम्मी सुटण्यासाठी याच परिसरातील एक उदाहरण पुरेसे आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावात आले, सायकलींचे दुकान काढले, कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर केला. बेळगावातील जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडलच्या रेल्वे स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ त्यांना दिला. 1910 साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, वाडी सांगली जिल्ह्यात. दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा होऊन पुढे 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. पण या दोन जिल्ह्यांची नाळ अशी जुनी आहे.

नांगर उत्तम होता. अडचण एवढीच होती की तो कोणी घेईना. लोखंडाने जमिनीला विष चढते, पीक येत नाही, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. आता कल्पना करा, लक्ष्मणरावांनी अशा वेळी गावोगाव फलक लावले असते की, 'भारतीय कृषिक्षेत्रात क्रांती घडविणारे उत्पादन सादर करताना आम्हाला अत्यानंद होत आहे', तर काय झाले असते? शेतकरी फलकाकडे पाहून तंबाखू मळत पुढे गेला असता. त्या नांगराचा प्रचार झाला तो शेतात. नांगर बांधावर नेऊन जुंपून दाखवावा, तास किती खोल जातो ते त्याच्याच बैलांकडून त्याला पाहू द्यावे, फाळ झिजला तर बदलून मिळतो हे हातात देऊन सांगावे, अशा कष्टाने हा माल विकला गेला.

या विक्रेत्यांपैकी एकाचे नाव पुढे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. कर्मवीर भाऊराव पाटील हे काही काळ किर्लोस्करांच्या नांगरांचे प्रचारक म्हणून गावोगाव हिंडले होते. कराडजवळच्या ओगलेवाडीत 1916 साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याच्या मालासाठीही त्यांनी अशीच पायपीट केली. 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणाऱ्या या पुरुषाने खेड्यातील माणूस काय विचारतो, कोठे अडतो आणि कशाने पटतो, हे नांगर विकता विकता जवळून पाहिले. समोरच्याचे प्रश्न ठाऊक असणे ही लेखकाचीही पहिली शिदोरी आहे, आणि ती घरबसल्या मिळत नाही.

आणि मग आली 'खबर'. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर चित्रकलेचे शिक्षण घेऊन वाडीत आले होते. कारखान्याच्या जाहिरातीचे काम त्यांच्याकडे होते. 1920 साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचे छोटे नियतकालिक सुरू केले. उद्देश व्यापारीच होता. कारखान्याची, तेथील मालाची माहिती ग्राहकांपर्यंत आणि विक्रेत्यांपर्यंत जावी एवढाच. परंतु नुसत्या किमतींची यादी पुन्हापुन्हा कोण वाचणार? शंकररावांनी वाचकाच्या उपयोगाचे, त्याच्या जिव्हाळ्याचे विषय त्यात आणावयास प्रारंभ केला. उद्योग, आरोग्य, समाजसुधारणा, धडपडणाऱ्या माणसांच्या हकिगती, आणि शंकररावांची स्वतःची व्यंगचित्रे. पाहता पाहता कारखान्याचे हे पत्रक मराठी मध्यमवर्गाचे मासिक झाले. 'खबर' हा परकीय शब्द स्वातंत्र्यवीर सावरकरांना खटकला आणि त्यांच्या सूचनेवरून मासिकाचे नाव नुसते 'किर्लोस्कर' झाले, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच मासिकातून प्रसिद्ध झाले. पुढे 1930 साली 'स्त्री' आणि 1934 साली 'मनोहर' ही भावंडे आली. एका माळरानावरील नांगराच्या कारखान्याने तीन मासिके चालवावीत आणि ती लोकांनी वाट पाहून वाचावीत, याचे आज व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून पाठ द्यावयास हवेत. तेथे मात्र आपल्या मुलांना परदेशी कंपन्यांचीच उदाहरणे शिकविली जातात. असो.

या साऱ्यात क्रम पाहण्यासारखा आहे. कारखाना 1910 चा, खबर 1920 ची. दहा वर्षे नांगर घडविल्यावर, विकल्यावर, शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकल्यावर मग लेखणी हाती आली. लिंक्डइनवर आज जे काही दिसते त्यातील बहुतेकांचा क्रम नेमका उलटा आहे. नोकरीला सहा महिने झालेला मुलगा 'नेतृत्वाची सात सूत्रे' सांगतो. मुलाखतीला उशिरा आलेल्या उमेदवाराला आपण कसे सहृदयतेने नोकरी दिली, याची एकच कथा दहा वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या नावाने फिरत असते. प्रत्येक वाक्य स्वतंत्र ओळीत तोडून, जणू काही ऋचाच उतरल्या आहेत, अशा थाटात लिहिण्याची पद्धत पडली आहे. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर. यंत्राला दोन शब्द दिले की ते गुळगुळीत मजकूर ओतून देते. तो हजारोंनी ओतला जातो आणि त्या साऱ्यांचा चेहरा एकच असतो. उंटाच्या लग्नात गाढवाने गाणे म्हटल्याची आणि दोघांनी परस्परांचे रूप व स्वर वाखाणल्याची संस्कृत सुभाषितातील गोष्ट आपण शाळेत ऐकली. येथे तर त्यासाठी रीतसर मंडळे आहेत. तू माझ्या लेखनाला वाहवा दे, मी तुझ्या देतो. या वाहवेने आकडा वाढतो, काम मिळत नाही.

मग वाचले जाणारे लेखन कसे असते? त्या तरुणाबरोबर बसून जे काही करून पाहिले, त्यावरूनच सांगतो.

या पानावर लेखाच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. पुढचे वाचण्यासाठी वाचकाला बोट लावावे लागते. म्हणजे त्या ओळींतच त्याला कळले पाहिजे की येथे आपल्या कामाचे काही आहे. 'मला कळविण्यास आनंद होतो' यात त्या जागेचा चुराडा होतो. 'पावसाळ्यात आमच्या पंपकवचांत पोकळ्या वाढत होत्या. दोष वाळूचा नव्हता, कोअर रात्रभर बाहेर राहण्याचा होता', असे पहिले वाक्य वाचले की देशातील ज्या ज्या फौंड्रीत ही डोकेदुखी आहे तेथील माणूस थांबणारच. त्याला थांबविण्यासाठी अग्निबाणाचे चित्र लागत नाही. एका लेखात तीन हजार अक्षरांपर्यंत लिहिता येते, पण एवढी जागा आहे म्हणून ती भरलीच पाहिजे असे नाही. एका लेखात एकच गोष्ट असावी. ती कोठे घडली, आधी काय करून पाहिले, काय फसले, शेवटी काय लागू पडले. फसलेले सांगण्याचा संकोच आपल्याकडे फार आहे. वस्तुतः वाचकाचा विश्वास बसतो तो तेथेच. शेतकऱ्याला नांगराचा फाळ झिजतो हे ठाऊकच होते, तो झिजत नाही असे म्हणणाऱ्यावर त्याने कधीच विश्वास ठेवला नसता.

छायाचित्राचेही तसेच. पुष्पगुच्छ स्वीकारतानाचे छायाचित्र आपल्या आईवडिलांना आवडते. व्यवसायातील माणसाला कापलेल्या ओतीव तुकड्यातील पोकळी पाहायची असते. तिच्याशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवले तर आकार कळतो. आणि मिस्त्रींचे श्रेय? त्या मुलाच्या पहिल्या मसुद्यात सर्वत्र 'मी' होता. मी विचारले, "शेकण्याची युक्ती कोणाची?" तो ओशाळला. दुसऱ्या मसुद्यात मिस्त्री आले, त्यांची संमती घेऊन आले. आत्मस्तुतीच्या दोषावर याहून सोपा उतारा मला ठाऊक नाही.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. कारखान्याचे गुपित, ग्राहकाचे नाव, आराखडा, दर, यांतील काहीही मालकाच्या परवानगीवाचून बाहेर जाता कामा नये. आमच्या या मुलाने मसुदा आधी मालकांना दाखविला. त्यांनी मिश्रणाचे प्रमाण तेवढे काढावयास लावले आणि बाकी सारे राहू दिले. शिवाय या माध्यमावर खोट्या नोकऱ्यांची आमिषे दाखवून आधी पैसे मागणारे भामटेही आहेत. नोकरी देणारा कधी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, एवढे सूत्र घरातील मुलांना बजावून ठेवावे.

भाषेचा प्रश्न अनेकजण विचारतात. इंग्रजीत लिहावे की मराठीत? लुधियाना, कोइमतूर, राजकोट येथील व्यवसायबंधूंपर्यंत पोहोचायचे तर इंग्रजी किंवा हिंदी लागेल, हे उघड आहे, आणि त्यात कमीपणा नाही. साधी, छोटी वाक्ये असलेली, आपली स्वतःची इंग्रजी चालते. कोणाकडून उसनी घेतलेली फुगलेली इंग्रजी लगेच उघडी पडते. पण ज्याला पलूसच्या, विट्याच्या, कोरेगावच्या, फलटणच्या कारखानदाराशी आणि कारागिराशी बोलायचे आहे त्याने मराठीत का लिहू नये? देवनागरीत तेथे लिहिता येते. मराठीत तंत्रविषयक लेखन दिसत नाही अशी ओरड आपण व्यासपीठांवरून करतो. ज्यांच्या हाती तंत्र आहे त्यांनीच इंग्रजीत नम्रता आणि हर्ष व्यक्त करण्यात वेळ घालविला तर ते दिसणार कोठून? 'खबर' शब्द बदलावा म्हणून आग्रह धरणाऱ्यांचे आपण वारस म्हणवितो, निदान 'कोअर'ला 'गाभा' म्हणून पाहावयास हरकत नसावी. मिस्त्री हसले तर पुन्हा 'कोअर' म्हणावे.

फौंड्रीचे उदाहरण मी दिले ते हाताशी होते म्हणून. या दोन जिल्ह्यांत सांगण्यासारखे काम गल्लोगल्ली पडले आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान्पिढ्या भोपळ्यातून स्वर घडविणारी घराणी आहेत. तेथील सतार आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूरकडून आलेला भोपळा निवडताना कारागीर काय पाहतो, जवारी काढताना त्याचा कान कशावर असतो, हे जगात दुसरा कोण सांगू शकेल? सांगलीच्या हळदीलाही 2018 साली मानांकन मिळाले. पण हळद शिजली की नाही हे शेतकरी कसे ओळखतो, हे परदेशी खरेदीदाराला कोणी समजावून सांगितले आहे? मानांकनाचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगले जाते आणि त्यामागचे ज्ञान मात्र ओसरीवरच राहते.

विट्याच्या आणि आटपाडीच्या गलाई बांधवांची गोष्ट येथे आठवते. दुष्काळी माणदेशातून निघालेल्या या तरुणांनी सोने-चांदी गाळण्याचे आपले कसब घेऊन देशभरच्या सराफ पेठांत दुकाने थाटली. परमुलखात परभाषकांनी त्यांच्या हाती सोने सोपविले ते कोणत्या जाहिरातीमुळे? एकाने दुसऱ्याला बोलाविले, दुसऱ्याच्या वजनातील चोखपणाची साक्ष तिसऱ्याने दिली, आणि गावाचे नाव हीच ओळख झाली. संपर्कजाल म्हणतात ते हेच. फक्त तेव्हा ते पत्रांवर आणि शब्दावर चालत होते. ज्याच्या पाठीशी असे गाव नाही, जो घरातला पहिलाच अभियंता आहे, ज्याचे वडील बेदाण्याच्या शेडवर मजुरीला जात होते, त्याच्यासाठी आज हे पान म्हणजे साक्ष देणारा एकमेव माणूस असू शकतो. त्याला आपण 'ही सगळी चमकोगिरी' म्हणून उडवून लावतो तेव्हा आपण आपल्या पाठीशी असलेले गाव विसरत असतो.

तर त्या मुलाने तिसरा मसुदा टाकला. इंग्रजीत बारा ओळी, मराठीत बारा ओळी, कापलेल्या तुकड्याचे एक छायाचित्र आणि मिस्त्रींचे नाव. नेहमीचे 'अभिनंदन' म्हणणारे चार मित्र या वेळी गप्प राहिले. बहुधा कशाचे अभिनंदन करावे हे त्यांना कळले नसावे. पहिले दोन दिवस काहीच घडले नाही आणि तो थोडा हिरमुसला. तिसऱ्या दिवशी लुधियानाच्या एका फौंड्रीतील अनोळखी गृहस्थांनी हिंदीत एकच प्रश्न विचारला : कोअर शेकताना भट्टीचे तापमान किती ठेवता आणि किती वेळ? त्याने धावत येऊन मला तो प्रश्न दाखविला. मी विचारले, "मग, किती ठेवता?" तो म्हणाला, "मिस्त्री हात धरून अंदाजानं ठरवतात, काका. कधी मोजलंच नाही." सोमवारी तो तापमापक घेऊन भट्टीपाशी उभा राहणार होता. उत्तर त्यानंतर.